देशाचं नाव पोरीला

बॅलीवोर्नी,
२१ ऑगस्ट १९७८

चि. गॉबनिट हीस अ. उ. आ.

वि. वि. आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. मनातून निघाले की वेगळे कळवीन.

काल तुम्ही मंडळी चर्चच्या पायरीवरून जी गाडीत बसलात ती चहालासुद्धा घरी आला नाहीत. मी हॅम शिजवून ठेवलं होतं, मनुकांचे पाव भाजले होते, शेजारच्या केलेहरबाईंकडून चांगले कप उसने आणले होते. एवढं मांडलेलं टेबल, आणि बसलो कोण, तर मी आणि फादर क्रीडन. त्यांनी व्हिस्की घेतली, हॅमची तारीफ केली आणि बाळाचे आईवडील कुठे अडकले म्हणून विचारलं. मी म्हटलं, विमानाची वेळ झाली होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्र्यासमोर खोटं बोलायची वेळ तू माझ्यावर आणलीस, एवढं ध्यानात ठेव.

आता मुद्द्याचं. तुझ्या कॅरलनं मला सगळ्यांदेखत चोर म्हटलं. मावशीच्या गावी पहिल्यांदा आलेली भाची, त्यातून बाळंतपणानं थकलेली, म्हणून मी गप्प राहिले. पण मी चोरलं काय, ते तरी कळू दे. फादरांनी विचारलं, लेकराला नाव काय देता. आयरिशमध्ये विचारलं, कारण आपल्याकडे पाणी आयरिशमध्येच घालतात. इंग्रजीत हवं होतं तर आधी सांगायचं. कॅरल आणि तिचा नवरा (त्याचं पोलिश आडनाव घेण्याआधी मला घोटभर पाणी प्यावं लागतं) फोटोला उभं राहिल्यासारखे हसत उभे. फादर ऐंशीचे, कानानं अधू. ते किती थांबणार? मूल माझ्या हातात होतं, धर्ममाता मी होते. आईच्या काळी उत्तर धर्ममाताच द्यायची. बाळंतीण तर घरीच असायची. म्हणून मी उत्तर दिलं. गॉबनिट.

तुम्ही एरिन ठरवलं होतं हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. तू जूनमध्ये कळवलंस. मी जूनमध्येच उलट टपाली कळवलं की हे नाव चालायचं नाही. त्यावर तुझं उत्तर आलं नाही. आपल्या घरात न बोलणं म्हणजे हो, हे तुला माहीत आहे.

आणि तू सांग. कॅरलला भाषा येत नाही, तिच्या नवऱ्याला येत नाही. तुला येते. फादरांचा प्रश्न तुला कळला, माझं उत्तर तुला कळलं, आणि तू माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होतीस. त्या वेळी तुझ्या तोंडाला कुलूप का लागलं होतं? ते कुलूप गाडीत बसल्यावर मात्र बरोबर उघडलं.

बाळाच्या अंगातला अंगरखा तसाच नेलात. तो आईच्या लग्नाच्या झग्यातून शिवलेला आहे, आपण सगळी भावंडं त्यात न्हालो आहोत. परत पाठव. गरम पाण्यात घालू नकोस.

लोभ होता. शिल्लक असल्यास राखावा.

तुझी बहीण,
हॅना लेहेन

ता. क. हॅम वाया गेलं नाही. केलेहरबाईंच्या कुत्र्यानं खाल्लं, आणि खाऊन झाल्यावर शेपूट हलवायची रीत त्यानं पाळली.


बॉस्टन,
३ सप्टेंबर १९७८

ती. हॅनाताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर नेहमीप्रमाणे गॉबनिट शीहान. या गल्लीत त्या नावाची कुणी राहत नाही, हे तुला तीस वर्षं सांगते आहे. नशीब, आमचा पोस्टमन शहाणा आहे.

इथे काय चाललं आहे ते ऐक, म्हणजे तुझा पाव घशाखाली नीट उतरेल. कॅरल माझ्याशी बोलत नाही. तिला वाटतं, आपण दोघींनी मिळून हे ठरवलं होतं. ती म्हणाली, आई, तुला त्यांची भाषा येत होती आणि तू उभी राहिलीस. नातीला बघायला जायचं तर मला जावयाच्या हाती निरोप धाडावा लागतो. पोर पाच महिन्यांची आहे, एप्रिलपासून सगळे तिला एरिन म्हणतात, ती त्या नावाला मान वळवते. आणि बाप्तिस्म्याच्या कागदावर दुसरीच कुणी. उद्या शाळा, परवा पहिला प्रसाद, तेरवा लग्न, दर वेळी चर्च तोच कागद मागणार आणि दर वेळी तिला समजवावं लागणार की आजीच्या बहिणीची लहर फिरली होती.

तू एक कर. फादर क्रीडनकडे जा आणि सांग की आईबापांच्या मनात नसलेलं नाव मी सांगितलं. ते नोंदीशेजारी एरिन लिहितील आणि नवा कागद देतील. मी इथल्या पाद्र्यांना विचारलं आहे. पण सांगायला तूच हवीस, कारण उत्तर तू दिलंस.

मी का बोलले नाही, ते विचारतेस. सांगते, पुढे त्याचं काय करायचं ते कर. तुझ्या घरी आठवडाभर होते तेव्हा तू मला 'अगं' म्हणालीस, 'बॉस्टनवाली' म्हणालीस, एकदा 'बाईसाहेब' म्हणालीस. नावानं एकदाही हाक मारली नाहीस. तीस वर्षांत मला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. चर्चमध्ये फादरांनी विचारलं आणि तू खणखणीत आवाजात गॉबनिट म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, तू मलाच हाक मारलीस. मी ओ द्यायला तोंड उघडलं. ती ओ गिळेपर्यंत पाणी पडून गेलं होतं.

हे कॅरलला सांगून तिला काय कळणार? तुला तरी कळलं तर पाहा.

राग ओसरेपर्यंत लोभ तुझ्याकडेच ठेव.

डेबरा

ता. क. अंगरखा थंड पाण्यात धुतला. मी मोलकरीण होते, ताई. कपडे धुणं मला शिकवू नकोस.


बॅलीवोर्नी,
१८ सप्टेंबर १९७८

चि. गॉबनिट हीस अ. उ. आ.

वि. वि. पत्र पावलं. मी कुठेही जाणार नाही आणि काहीही सांगणार नाही. पाणी एकदा पडलं की पडलं.

तू ओ देणार होतीस, हे वाचलं. दिली असतीस तर बरं झालं असतं. एवढंच त्याबद्दल म्हणते.

आता त्या नावाबद्दल मला बोलू दे, कारण जूनमध्ये मी सभ्यपणानं लिहिलं होतं आणि त्याचा उपयोग झाला नाही. एरिन हे माणसाचं नाव नाही. ते आपल्या देशाचं नाव आहे, आणि तेसुद्धा आपण घेतो तसं नाही, इंग्रजीत गाणी रचणाऱ्यांनी गुळगुळीत करून घेतलेलं. आपल्या या खोऱ्यात, जिथे गाई-बैलांनासुद्धा आयरिशमध्ये हाकतात, तिथे एकाही बाईनं आपल्या लेकीला ते ठेवलेलं नाही. विचार करून बघ. मुलगा झाला असता तर काय, आपल्या जिल्ह्यावरून कॉर्क म्हणाला असतात? जुळी झाली असती तर उत्तर आणि दक्षिण? किलार्नीच्या दुकानात अमेरिकन लोकांसाठी बशा पुसायची फडकी मिळतात, हिरवी, वर वीणा काढलेली, खाली हेच नाव. तुझ्या नातीचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते दीड पौंडाच्या फडक्यावर.

कॉन्व्हेंटात सिस्टर बेनिग्नस आम्हाला ती गोष्ट सांगायच्या. समुद्रावरून परके लोक आले तेव्हा तीन राण्या त्यांना तीन टेकड्यांवर भेटल्या. तिघींचं मागणं एकच, या बेटाला माझं नाव राहू द्या. तिसरीचं राहिलं, त्याचंच हे एरिन. ही गोष्ट मी तुला गवताच्या गाडीवर बसून सांगितली होती, तू सहा-सात वर्षांची असशील. तर त्या राणीनं नाव मागितलं ते डोंगरांना, नद्यांना, दलदलीला. बॉस्टनच्या पाळण्यांना नाही.

आणि गॉबनिट म्हणजे काय ते तू विसरलीस. गुरं पळवणाऱ्या चोरांवर मधमाश्यांचं मोहोळ सोडणारी संत आपल्या गावात झाली, तिचं ते नाव. आजीचं होतं, आईचं होतं, तुझं आहे. ऐकायला ओबडधोबड आहे हे मला मान्य. दगड ओबडधोबडच असतो, म्हणून भिंत राहते. मला ते मिळालं नाही. मी थोरली, माझ्या वाट्याला बाबांच्या आईचं नाव आलं. तुला मिळालं आणि तू ते जहाजातून उतरताच उतरवून ठेवलंस, चिखलाचे बूट दाराबाहेर ठेवावेत तसं. तुला लेक झाली तेव्हा आई सहा महिने वाट बघत होती. तू कॅरल ठेवलंस. आई म्हणाली, छान आहे. तिनं ते म्हणताना पाठ फिरवली होती.

तुला हे सांगणार नव्हते. आईच्या शेवटच्या दिवशी तिच्याजवळ मीच होते. तू विमानाची तिकिटं शोधत होतीस. ती शेवटचं बोलली ते असं, हॅना, नाव तेवढं सांभाळ. मी हो म्हटलं. मला मूल नाही, मी नाव सांभाळणार कशात, चहाच्या डब्यात? तुझ्या घरात पोर आली आणि तुम्ही तिला इथे पाणी घालायला आणलीत, तेव्हा मला वाटलं, माझा शब्द राहायची सोय झाली.

तेव्हा फादरांकडे जायचं ते शक्य नाही. आई वर्षातून एकदा, नाताळाआधी मॅक्रूमच्या बाजारात पाळलेल्या टर्की विकायला जायची, बाकी तिनं गावाची वेस ओलांडली नाही. आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. हे एकच मागितलं.

लोभ वाढवू नये. आहे तेवढा पचला तरी पुष्कळ.

हॅना

ता. क. पाकिटावर नाव काय घालायचं ते मला सांगू नकोस. मी छत्तीस वर्षं गावचं पोस्ट चालवलं. माझ्या खिडकीतून खोटं नाव कधी गेलं नाही.


बॉस्टन,
९ ऑक्टोबर १९७८

ती. हॅनाताईस सा. न. वि. वि.

तुझ्या ता. क.पासूनच सुरुवात करते, कारण सगळं दुखणं तिथे आहे.

मी वीस वर्षांची असताना मिसेस हार्डविकच्या घरी कामाला लागले. पत्रं आली की बटलर ती चांदीच्या तबकात घालून बाईंकडे न्यायचा, नोकरांचीसुद्धा. माझं पाकीट बाई मुद्दाम राखून ठेवायच्या, पत्त्यांच्या डावाला मैत्रिणी जमल्या की काढायच्या. मिस गॉबनिट लेहेन. प्रत्येकीनं एकेकदा म्हणून बघायचं. एक जाडी बाई हसता हसता ठसकायची, मग मला पाणी आणायला सांगायची. तू आठवड्याला पत्र टाकायचीस, ताई. तुला वाटायचं धाकटीला घरची आठवण राहावी. मी तुला लिहिलं, पाकिटावर डेबरा घालत जा, आपल्याकडच्या गॉबनिट इंग्रजीत डेबराच होतात, यात खोटं काही नाही. तू काय उत्तर दिलंस ते तुला आठवत नसेल. मला आठवतं. सरकारी टपालातून टोपणनावं जात नाहीत. आणि पुढच्या आठवड्याचं पाकीट आधीपेक्षा मोठ्या अक्षरात होतं.

तेव्हा मी चिखलाचे बूट उतरवले म्हणतेस, तर ते माझ्या पायातून कुणी ओढले, तेही बघ.

एरिन. हो, गाण्यातलं आहे, फडक्यावरचं आहे. तू तिथे उभी आहेस, तुझ्या पायाखाली तो देश आहे, तुला त्याचं नाव घ्यायची गरज पडत नाही. इथे पहिल्या मार्चमध्ये मी आपल्या आयरिश लोकांची सणाची मिरवणूक बघायला गेले. बर्फ पडत होतं. एका जुन्या झेंड्यावर तो शब्द होता आणि माझ्या शेजारी उभा असलेला इटालियन भाजीवाला तो मोठ्यानं वाचत होता. त्याला अडखळायला झालं नाही, तो हसला नाही. मला परत सांगा असं म्हणाला नाही. तेव्हा मला वाटलं, एवढासा शब्द, परक्याच्या तोंडात सरळ बसतो, आणि आत आपला डोंगर, पूल, गवताची गाडी, सगळं मावतं. हे माझं नाव असतं तर मला काही उतरवून ठेवावं लागलं नसतं. कॅरलच्या वेळी माझी हिंमत झाली नाही. या वेळी मीच सुचवलं. तिच्या पोलिश सासूलासुद्धा ते एका दमात म्हणता येतं.

आणि ती राणी. तू म्हणतेस तिनं नाव डोंगरांना मागितलं. गोष्ट तूच मला सांगितलीस, नीट आठव. ती मागत कुणाकडे होती? परक्यांकडे. घरच्यांकडे मागायची गरज तिला नव्हती.

आता आईचं. मी निघाले त्या सकाळी पुलापाशी बस यायची होती. तू टपालाची पिशवी आणायला गेली होतीस. आई मला म्हणाली, तिकडे हे नाव जड झालं तर खुशाल खाली ठेव. मी इथे सांभाळीन.

हेच शब्द. मी तुला कधी सांगितले नाहीत, कारण ते मला दिलेले होते.

अजून एक. नाताळात मला दर वर्षी दोन पत्रं यायची. एक तुझं, आईच्या वतीनं लिहिलेलं, पाकिटावर गॉबनिट. दुसऱ्यात नुसतं एक कार्ड, आत सहीच्या जागी आईची फुली, आणि पाकिटावर कुणा दुकानदारणीच्या नीटस अक्षरात मिसेस डेबरा शीहान. त्यावर मॅक्रूमचा शिक्का असायचा. टर्की विकायला ती जायची खरी. पण टर्कींना काय, आपल्या गावातही गिऱ्हाईक होतं.

लोभ आईनं वाटून दिला तो दोघींना पुरेल एवढा होता. तू पाकिटं मोजत बसलीस.

डेबरा


बॅलीवोर्नी,
२६ नोव्हेंबर १९७८

चि. गॉबनिट हीस

वि. वि. तुझं पत्र महिनाभर घड्याळामागे पडून होतं. उत्तर द्यायच्या लायकीचं नव्हतं.

आई तसं बोललीच नसेल. तू वीस वर्षांची होतीस, रडत होतीस, तुला ऐकायचं होतं ते ऐकलंस. आणि मॅक्रूमच्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. आपल्या घरात पोस्ट होतं. आई रोज सकाळी माझ्या खिडकीसमोर बसून चहा प्यायची. कार्ड टाकायचं असतं तर हात पुढे केला की पेटी. तिला माझ्यापासून चोरून नऊ-दहा मैल जायचं कारण काय?

तुझ्या त्या मिसेस हार्डविकबद्दल मला माहीत नव्हतं. तू कधी लिहिलं नाहीस. कळलं असतं तर मी त्या बाईलाच एक पत्र लिहिलं असतं, आणि त्या पत्रावर कुणी हसलं नसतं.

पण म्हणून मी फादरांकडे जाणार नाही. या विषयावर आता लिहू नकोस. अंगरखा अजून आलेला नाही.

लोभाचं बघू.

हॅना


बॉस्टन,
१४ जानेवारी १९७९

आदरणीय हॅनामावशी,

नमस्कार. आपल्याला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. आईला न सांगता लिहिते आहे, आणि तिच्यासाठी लिहिते आहे.

आपण नोव्हेंबरमध्ये लिहिलेलं पत्र तिनं माझ्यापुढे टाकलं आणि त्याआधीचीही सगळी वाचून दाखवली, स्वतः काय लिहिलं होतं तेही सांगितलं. म्हणजे चर्चमध्ये ती गप्प का राहिली ते मला आता कळलं. तिच्याशी माझा अबोला संपला आहे. आपल्याशी संपलेला नाही. माझ्या मुलीचं नाव मला विचारल्याशिवाय कुणी ठरवावं, हे मला अजून चोरीच वाटतं.

एक सांगते. परवा आई आमच्याकडे भांडी विसळत होती. मी मागून, नुसतं बघावं म्हणून, आपण म्हणालात तसंच म्हटलं, गॉबनिट. तिनं हातातली बशी खाली ठेवली आणि ओ दिली. मग मला म्हणाली, उच्चार वाईट आहे, परत म्हण. माझ्याकडून तिनं ते दहा-बारा वेळा म्हणवून घेतलं.

माझी आई पन्नाशीची झाली. तिला तिच्या नावानं हाक मारणारं एकच माणूस जगात उरलं आहे, आणि ते माणूस तिला 'अगं' म्हणतं.

एरिनचा फोटो पाठवते. तिला दोन दात आले आहेत आणि ती सगळ्यांना चावते. नवरा म्हणतो, हे लेहेन घराण्यातून आलं असावं.

आपली भाची,
कॅरल


मॅक्रूम,
१२ फेब्रुवारी १९७९

चि. एरिन हीस अ. उ. आ.

वि. वि. तुला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. तुझी आई वाचून दाखवील. वाचताना तिचं तोंड वाकडं झालं तर तिकडे लक्ष देऊ नकोस. ते आमच्या घरचं तोंड आहे.

काल आमच्या गावच्या संत गॉबनिटचा दिवस होता. त्या दिवशी तिची जुनी लाकडी मूर्ती बाहेर काढतात आणि आम्ही बायका फीत घेऊन ओळीत उभ्या राहतो. फीत मूर्तीच्या उंचीला लावायची, मग भोवती गुंडाळायची. ती घरात असली की आजारपण दाराशी थबकतं. पाकिटात निळी फीत आहे, ती तुझ्यासाठी मोजली. तुझ्या आजीसाठी वेगळी मोजली आहे, तिच्या पाकिटात. माझ्या मागे केलेहरबाई होत्या. म्हणाल्या, कुणासाठी गं एवढ्या? मी म्हटलं, घरच्यांसाठी. त्यांनी आणखी विचारलं, पण मी ओळीत बोलत नाही.

त्यानंतर फादर क्रीडनकडे गेले. काय सांगायचं ते सांगितलं. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मला ते दोनदा, मोठ्यानं सांगावं लागलं, आणि बाहेर ओळ उभी होती. देवाला हिशेब चुकता करायची हौस असेल तर तो असा करतो. नवा कागद सोबत आहे. गॉबनिट त्यांनी खोडलेलं नाही, आमच्याकडे खोडत नाहीत. शेजारी तुझं नाव लिहिलं आहे. तुला पाहिजे ते वापर. दोन्ही तुझ्या अंगावर पाणी पडून मिळालेली आहेत, एक जरा उशिरा.

नाव मला अजून आवडलेलं नाही, हे तुझ्या आजीला सांग. फोटोकडे बघून मी ते चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. जिभेवरून फार लवकर निसटतं, चावायला काही मिळत नाही. पण तुला दात आले आहेत, तर तू बघून घेशील.

आजीला हेही सांग की मी कबरस्तानात गेले होते आणि आईला बरंच सुनावलं. छत्तीस वर्षं माझ्या खिडकीसमोर बसून चहा प्यायली, आणि एक कार्ड टाकायला टर्कींचं सोंग. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे खरं. तिनं विचारलंच नाही. आमच्या घरात न बोलणं म्हणजे हो, हे तिच्याकडूनच आलेलं.

अंगरखा तिकडेच राहू दे. पुढच्या बाळाला लागेल. ते इथेच आणा, आणि या वेळी उत्तर तुझी आई देईल, मी तिला तेवढी आयरिश शिकवीन. आणि आजीला सांग, दारातून आत येताना मी तिला नावानं हाक मारणार आहे. तिनं ओ द्यावी. जुनं नाव जड होत असेल तर खाली ठेवा. ते सांभाळायला मी इथे आहे.

पुढच्या आठवड्यात टपालवाले संपावर जाणार म्हणतात, तेव्हा आज हे निघालंच पाहिजे. दोन पाकिटं आहेत. एकावर मिस एरिन, दुसऱ्यावर मिसेस डेबरा शीहान. गावच्या पोस्टात आता टूमींची मुलगी बसते, तिला पत्ते वाचायची सवय आहे. तिथे टाकली तर ती वाचेल आणि रात्रीपर्यंत सगळ्या गावाला कळेल की हॅना लेहेननं असली नावं पाकिटावर घातली.

म्हणून सकाळची बस धरून मॅक्रूमला आले. इथल्या पोस्टात ल्यूसी आडनावाचा म्हातारा कारकून आहे. त्यानं मला बघितलं, पाकिटं बघितली, आणि नावांबद्दल काही न विचारता म्हणाला, लेहेनबाई, यंदा टर्की नाहीत का?

तुझा लोभ मला नवीन आहे. जुना होईपर्यंत असू द्यावा.

तुझ्या आजीची बहीण,
हॅना